शेजारची शाळा कोणाची?

दरसाल 5 सप्टेंबर रोजीं आमच्या कळमेश्वरांतील शाळांतून डॉ. राधाकृष्णन् यांच्या तसबिरीस हार घातले जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच तारखेस, 1907 सालीं, कोल्हापुराकडील बहिरेवाडींत जन्मलेल्या जयंत पांडुरंग नाईक यांचें नांव त्या दिवशीं क्वचितच कोणाच्या तोंडीं येतें. स्वतंत्र भारताच्या शिक्षणाचा आराखडा ज्यांनीं लिहिला, त्यांची महाराष्ट्रास इतकी विस्मृति पडावी हें लाजिरवाणें नव्हे काय?

खेड्यांतील गरिबींत बालपण, कायदेभंगांत तुरुंगवास, आणि सुटकेनंतर धारवाडनजीकच्या उप्पिनबेटगेरींत ग्रामसेवा, अशी या विद्वानाची पहिली शाळा. 1948 सालीं त्यांनीं मुंबईस भारतीय शिक्षण संस्था स्थापिली. ती पुढें पुण्यास गेली. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाची धुरा त्यांनीं वाहिली. 1964 सालीं डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण आयोग नेमला गेला, त्याचे सदस्य-सचिव नाईकच होते. 1969 सालीं निघालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचेंही कार्य त्यांनींच प्रथम सांभाळलें. 1981 सालीं ते निवर्तले.

आयोगाचा अहवाल 1966 सालीं सादर झाला. त्यांतील पैशाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे: राष्ट्रीय उत्पन्नाचे शेंकडा 6 भाग 1985-86 पावेतों शिक्षणावर खर्च व्हावे. तो आंकडा 2020 च्या धोरणांत पुन्हां लिहावा लागला, यावरून काय तें समजावें! परंतु सरकारास दोष देऊन आपण मोकळे होऊं पाहतों, तेथेंच आमचें आमच्या वाचकांशीं भांडण आहे. कारण त्याच अहवालांत दुसरी एक शिफारस होती, आणि तिच्यासाठीं केवळ खजिना पुरणारा नव्हता. वस्तींतील सर्व मुलांनीं, जात, धर्म वा सांपत्तिक स्थिति न पाहतां, शेजारच्या एकाच शाळेंत जावें, अशी ती शिफारस. ती कोणी बुडविली? आम्हीं, म्हणजे शिकलेल्या आणि चार पैसे बाळगून असलेल्या लोकांनीं.

कळमेश्वरांतही निराळें काय आहे? ज्यास परवडतें त्याचें मूल खासगी शाळेच्या गाडींत बसतें. मजुराचें मूल सरकारी शाळेंत पायीं जातें. "तेथें शिक्षण नीट नाहीं, मग आम्हीं आमच्या मुलांचा बळी द्यावा कीं काय?" असें आमचे व्यापारी मित्र विचारतात. प्रश्न खोटा नाहीं. बापाची काळजी आम्हांसही कळते. पण ज्या शाळेंतून तक्रार करण्याची ऐपत असलेला बाप निघून गेला, तेथें गळक्या छपराची दाद कोण मागणार? नाईकांनीं 1975 सालीं समता, गुणवत्ता व संख्या यांस हातीं न लागणारा त्रिकोण म्हटलें. संख्या पुष्कळ वाढली. समतेची बाजू मात्र आम्हींच मोडून ठेविली आहे.

2009 च्या कायद्यान्वयें सरकारी व अनुदानित शाळेस व्यवस्थापन समिति असावी लागते, आणि तिचे तीन-चतुर्थांश सभासद तेथें शिकणाऱ्या मुलांचे पालक असावे लागतात. हिशेब पाहणें, शाळेच्या विकासाचा आराखडा करणें, हीं कामें त्या समितीचीं. हिशेबाची वही वाचण्यांत आमच्या पेठेंतील व्यापाऱ्यांचा हात कोण धरील? परंतु ज्याचें मूल त्या शाळेच्या पटावर नाहीं, त्यास त्या तीन-चतुर्थांशांत जागा नाहीं.