वहिवाटीत अडकलेली जागा

नंदुरबारच्या लोकसभेच्या जागेसाठी विद्यमान खासदार स्वतः उमेदवार नाही, अशी शेवटची लढत १९८१ साली झाली, ही गोष्ट या जिल्ह्याच्या राजकारणावर रात्ररात्र बोलणाऱ्या मंडळींच्याही सहसा ध्यानात येत नाही. १९७७ साली, देशभर काँग्रेसचे बुरूज ढासळत असताना, आणि पुन्हा १९८० साली या मतदारसंघातून निवडून गेलेल्या सुरूपसिंग नाईक यांनी दिल्लीची वाट सोडून राज्याच्या राजकारणात पाऊल टाकले, त्यांच्या जाण्याने पोटनिवडणूक लागली, आणि नवापूर तालुक्यातील माणिकराव होडल्या गावित लोकसभेत पोहोचले. तेथून पुढे २००९ पर्यंत ते ओळीने नऊ वेळा निवडून आले. २०१४ साली त्यांचा पराभव झाला तोही ते उमेदवार असतानाच. त्यांना हरविणाऱ्या डॉ. हीना गावित २०१९ साली खासदार या नात्याने पुन्हा उभ्या राहून विजयी झाल्या, आणि २०२४ साली त्याच नात्याने उभ्या राहून काँग्रेसच्या गोवाल पाडवी यांच्याकडून १ लाख ५९ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाल्या. म्हणजे चार दशकांहून अधिक काळ येथील मतदाराला प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारण्यात आला: बसलेल्यास ठेवायचे की उठवायचे? ‘ही जागा आता मोकळी आहे, आपल्यातील कोणाला पाठवावे?’ हा प्रश्न ज्यांना कधी विचारला गेला, ते मतदार आज साठीच्या पलीकडे आहेत.

हे दोन प्रश्न वरवर पाहता एकाच जातीचे वाटतात. परंतु त्यांच्या उत्तरासाठी मतदाराच्या बुद्धीला जो व्यापार करावा लागतो, तो अगदी भिन्न आहे. पहिला प्रश्न गेल्या पाच वर्षांच्या हिशेबाचा असतो, आणि त्या हिशेबातून उपजलेला राग वा लोभ मतदाराच्या मनात इतका भरून राहतो की, समोर उभा असलेला दुसरा मनुष्य कोण, त्याने आजवर काय केले, लोकसभेच्या सभागृहात तो कोणत्या विषयावर तोंड उघडणार, याची चौकशी करण्यास अवकाशच उरत नाही. मोकळ्या जागेच्या निवडणुकीत मात्र कोणाची शिक्षा करावयाची नसते आणि कोणाचे उपकारही फेडावयाचे नसतात. तेथे केवळ तुलना असते, आणि तुलना करताना मतदाराला स्वतःच्या गरजा आधी स्वतःशी स्पष्ट कराव्या लागतात. लोकशाहीचे जे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळत नाही, ते या तुलनेत मिळते. नंदुरबारच्या वाट्याला ते शिक्षण आले नाही, हे माझे दुःख आहे.

असे म्हणताना माणिकरावांच्या दीर्घ कारकिर्दीविषयी अनादर माझ्या मनात नाही. डोंगराळ तालुक्यातील एका पाड्यातून उठून एका मनुष्याने ओळीने नऊ निवडणुका जिंकाव्यात, केंद्रात गृहराज्यमंत्री व्हावे, आणि २००९ साली, पंधराव्या लोकसभेचा हंगामी अध्यक्ष या नात्याने, देशभरातून आलेल्या नवनिर्वाचित सदस्यांना शपथ देण्याचा मान मिळवावा, ही या जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी हकीकत आहे. २०२२ च्या सप्टेंबरात ते निवर्तले, तेव्हा पक्षभेद विसरून लोक हळहळले. परंतु कर्तृत्ववान मनुष्याच्या दीर्घ वास्तव्याचाही एक परिणाम होतो, आणि तो त्याच्या गुणावगुणांवर अवलंबून नसतो: पक्षाला दुसरा मनुष्य शोधण्याची, घडविण्याची, त्याला संसदेचे काम शिकविण्याची गरजच भासेनाशी होते. तेहेतीस वर्षांनी जागा हातची गेली, तेव्हा काँग्रेसच्या दप्तरात दुसरे नावच तयार नव्हते, आणि पुढचे नाव शोधण्यासाठी पुन्हा आमदारांच्या घरांकडेच पाहावे लागले.

जमिनीच्या कायद्यात ‘वहिवाट’ म्हणून एक शब्द आहे. मूळ मालक कोणीही असो, वर्षानुवर्षे जो कसतो, ज्याच्या नावाची नोंद तलाठ्याच्या दप्तरी चालत राहते, त्याचा हक्क हळूहळू सर्वजण गृहीत धरू लागतात, आणि शेवटी मालकालाच आपली मालकी सिद्ध करण्याची पाळी येते. लोकसभेच्या जागेचे येथे काहीसे असेच झाले आहे. सातपुड्याच्या या पट्ट्याला वंशपरंपरेच्या हुकमतीचा अनुभव नवा नाही. काठी, सिंगपूर, नाला, नवलपूर, गव्हाळी, चिखली ही मेवाशी संस्थाने पिढ्यान्‌पिढ्या पित्याकडून पुत्राकडे जात राहिली, आणि तळोद्याच्या वनविभागाच्या नावात ‘मेवासी’ हा शब्द अद्यापि शिल्लक आहे. आजची राजकीय घराणी त्या संस्थानिकांच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल, कारण त्यांना दर पाच वर्षांनी मतपेटीसमोर उभे राहावे लागते आणि मतदार त्यांना पाडतोही. तथापि उमेदवारीची यादी उलगडून पाहिली म्हणजे मन विचारात पडल्यावाचून राहत नाही. डॉ. हीना गावित या १९९५ पासून नंदुरबारचे आमदार असलेल्या डॉ. विजयकुमार गावित यांच्या कन्या. गोवाल पाडवी हे अक्कलकुव्याचे अनेक वर्षे आमदार राहिलेले माजी मंत्री के. सी. पाडवी यांचे पुत्र; माणिकरावांच्या कन्या इगतपुरीच्या आमदार झाल्या, आणि सुरूपसिंग नाईकांचे पुत्र नवापूरचे. यांपैकी एक डॉक्टर, एक वकील. पात्रतेचा अभाव म्हणून मी बोलत नाही. अडचण अशी आहे की, त्यांच्याइतकीच पात्रता असलेली, परंतु आमदाराच्या घरात न जन्मलेली जी मुले-मुली आश्रमशाळांतून शिकून आज शिक्षक, परिचारिका, वकील, ग्रामसेवक झाली आहेत, त्यांच्यापैकी एकाचेही नाव मुंबई-दिल्लीच्या निवड समितीच्या टेबलापर्यंत पोहोचण्याची वाटच आखलेली नाही.

ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी अशा जागा चार: नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर. त्यांतही नंदुरबारचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात येणारे विधानसभेचे सहाही मतदारसंघ, धुळे जिल्ह्यातील साक्री व शिरपूर धरून, राखीव आहेत. आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. घटनाकारांनी राखीव जागा निर्माण केल्या त्या जातीचा दाखला असलेला कोणीही मनुष्य सभागृहात बसावा एवढ्याच हेतूने नव्हे. ज्यांच्या प्रश्नांना अन्यथा वाचा फुटली नसती, त्यांच्यातून तो यावा, हा त्यामागील भाव होता. आणि या मुलखाचे प्रश्न तर विलक्षण प्रमाणात दिल्लीच्याच हातात राहिले आहेत. आमदाराने कितीही धावपळ केली तरी जे त्याच्या अखत्यारीबाहेर उरते, ते येथे फार मोठे आहे.

नर्मदेचेच पाहा. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९ चा. १९८१ ची पोटनिवडणूक त्यानंतर दोनच वर्षांची. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील जी ३३ गावे बाधित झाली, ती सर्वच्या सर्व अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील, म्हणजे याच मतदारसंघातील. जागतिक बँकेचे कर्ज १९८५ साली मंजूर झाले, १९९३ साली ते बंद पडले, धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत १३८.६८ मीटरपर्यंत गेली, आणि या सर्व काळात नंदुरबारचा खासदार लोकसभेत उपस्थित होता. परंतु या गावांची बाजू देशाला ठाऊक झाली ती सत्याग्रहांमुळे, न्यायालयातील अर्जांमुळे, काठावर कंबरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसांमुळे. ज्या सभागृहात त्या गावांच्या नावाने एक आसन राखून ठेवलेले होते, तेथून तो आवाज देशभर घुमल्याचे कोणास स्मरत नाही. याच गावांपैकी मणिबेली हे अक्कलकुवा मतदारसंघातील पहिले मतदानकेंद्र. आणि अक्कलकुवा हा राज्याच्या यादीतील पहिला विधानसभा मतदारसंघ, तसेच नंदुरबार हा पहिला लोकसभा मतदारसंघ. मतदानाचे कर्मचारी यंत्रे घेऊन तेथे होडीतून जातात. क्रमांकाने महाराष्ट्राची सुरुवात जेथून होते, तेथे पोहोचण्यास आजही बुडिताच्या पाण्यावरून जावे लागते, याहून बोलके निवेदन कोणत्या खासदाराला हवे होते?

वनजमिनीचा प्रश्न तसाच. १९८० चा वनसंवर्धन कायदा दिल्लीत झाला. ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा दिल्लीत झाला. पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेल्या जंगलजमिनीवरील हक्क मान्य करणारा २००६ चा कायदाही दिल्लीतच झाला. त्या कायद्याखालील दाव्यांची चौकशी गावात, तालुक्यात, जिल्ह्यात होते, परंतु कायद्यातील उणिवा दुरुस्त करण्याचे काम संसदेचे. २०१० च्या सप्टेंबरात शहादे तालुक्यातील टेंभली गावी पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या उपस्थितीत आधार योजनेचा आरंभ झाला, तेव्हा देशाची दृष्टी क्षणभर इकडे वळली. इंदिरा गांधींच्या काळापासून प्रचाराचा नारळ येथे फोडण्याचा शिरस्ताही मोठ्या नेत्यांनी पाळला. नंदुरबारकडे आरंभ करण्यासाठी पुष्कळजण आले. येथील मनुष्य तेथे जाऊन काय बोलला, याचा हिशेब त्या मानाने थोडा आहे.

जागा खरोखर मोकळी झाली की सर्व सुरळीत होते, असा भाबडा समज मी बाळगीत नाही. पालघरची राखीव जागा २०१८ साली चिंतामण वनगा यांच्या निधनाने रिकामी झाली, तेव्हा त्यांच्या पक्षाने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना उभे केले आणि वनगांच्या पुत्राने शिवसेनेचा आश्रय घेतला. लढत अटीतटीची झाली, पण ती मुख्यतः दोन मित्रपक्षांच्या बळाची परीक्षा ठरली. नांदेडला २०२४ साली वसंत चव्हाण यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र अवघ्या १,४५७ मतांनी निवडून आले. पुण्याला तर मोकळी जागा भरलीच गेली नाही: गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजी निवर्तले, सहा महिन्यांत पोटनिवडणूक घेण्याचे बंधन कायद्यात असतानाही ती घेतली गेली नाही, उच्च न्यायालयाने ती घेण्यास फर्मावले, सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशास स्थगिती दिली, आणि पुणेकर पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत प्रतिनिधीविना राहिले. पुण्याजवळ वृत्तपत्रे आहेत, वकील आहेत, मंत्रालयात ओळखी आहेत. अक्राणीच्या रहिवाशाजवळ खासदाराखेरीज दिल्लीत दुसरे कोणीही नाही.

म्हणूनच मी दैवाने रिकाम्या होणाऱ्या जागेची वाट पाहत नाही. पक्षांनी ती आपल्या हाताने मोकळी करावी, एवढेच माझे मागणे आहे. विद्यमान खासदाराला पुन्हा उभे राहण्याचा पूर्ण अधिकार आहे, पण त्याने तो अधिकार इतर इच्छुकांच्या बरोबरीने, लोकांसमोर मागून घ्यावा. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने राखीव जागांतूनही एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवल्या आहेत; ती तरतूद अमलात आल्यावर नंदुरबारची पाळी आज ना उद्या येईल, आणि त्या दिवशी ही जागा खऱ्या अर्थाने मोकळी होण्याची संधी आहे. त्या वेळी चार घरांतील लेकी-सुनांपलीकडे दृष्टी जाणार असेल, तर आशासेविका, अंगणवाडी सेविका, सरपंच म्हणून ज्या स्त्रिया आजही पाड्यापाड्यांतून शासनाचे अर्धे काम करीत आहेत, त्यांची नावे पक्षांनी आतापासून टिपून ठेवली पाहिजेत.

या कामासाठी नवा कायदा लागत नाही, नवी कचेरीही लागत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीची उचल घेऊन गुजरातेत आणि दक्षिणेकडील कारखान्यांवर गेलेली या मुलखातील माणसे होळीला झाडून घरी परततात; त्या आठवड्यात धडगाव, मोलगीचे भोंगऱ्या बाजार भरतात, आणि काठीची होळी पाहायला डोंगरातील पावरा, भिल्ल, तडवी अशी सर्व वस्ती रात्रभर पायी येते. लोकसभेची निवडणूक बहुधा होळीच्या पाठोपाठ येते. २०२४ साली दोन्ही मोठ्या पक्षांनी आपले उमेदवार होळी पेटण्यापूर्वीच दूरच्या शहरांतून जाहीर करून टाकले होते. पुढल्या खेपेस त्यांनी यादी थोडी थांबवावी. धडगाव, मोलगी, तळोदे, शहादे, नवापूर, नंदुरबार, साक्री आणि शिरपूर या आठ ठिकाणी, लोक गावी असताना, आपले सर्व इच्छुक एका व्यासपीठावर उभे करावेत, लोकांनी त्यांना भिलीत, पावरीत, मावचीत, कोकणीत हवे ते विचारावे, आणि नाव त्यानंतरच जाहीर व्हावे. ज्या पक्षाला हे मान्य नसेल, त्याने न मान्य करण्याचे कारण याच आठ गावांत येऊन सांगावे.