निवाडा कोणाच्या हाती?

सोलापुरात १९३० साली मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लादणाऱ्या सत्तेनेच चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. त्यामुळे निवाडा कोणी करावा, हा प्रश्न अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या वाचकांना परका नाही. यादवी युद्धांतील गुन्ह्यांसाठी नेमलेली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणे, म्हणजे विशेष न्यायालये, हा या अंकाचा विषय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या रवांडाविषयक न्यायाधिकरणाने १९९८ मध्ये ज्याँ-पॉल अकायेसू या नगरप्रमुखाला वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले आणि बलात्कारही वंशसंहाराचे साधन ठरू शकतो, हे प्रथमच मान्य केले. नावाऐवजी केवळ अक्षरांनी ओळखल्या गेलेल्या साक्षीदार स्त्रियांच्या धैर्याचा त्यात मोठा वाटा होता. मात्र रवांडातील यादवी युद्धात विजयी ठरलेल्या पक्षावर तेथे एकही खटला चालला नाही, ही उणीव संपादक मंडळाला गंभीर वाटते. वाचकांनी आपली मते, विशेषतः मतभेद, अगत्याने कळवावीत.