वर्धापनदिन आणि माळ्यावरची वही

राष्ट्राच्या जीवनातील मोठा वर्धापनदिन जवळ आला की संग्रहालये सजू लागतात. प्रवेशद्वारावर तिरंगी रोषणाई होते, नेत्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन मांडले जाते, शाळांच्या सहली रांगेने येतात आणि रांगेनेच बाहेर पडतात. सोहळा संपला की दालने पूर्ववत शांत होतात. १२ मार्च २०२१ रोजी साबरमतीहून आरंभ झालेला आणि १५ ऑगस्ट २०२३ पर्यंत चाललेला स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव सर्वांनी अनुभवला. आता पुढचा मोठा टप्पा २०४७ सालच्या शताब्दीचा. त्या वेळी आलेल्या माणसाला संग्रहालय आपले कसे वाटावे, हा प्रश्न केवळ संग्रहपालांचा नाही. ज्यांच्या माळ्यावर इतिहास गाठोडे बांधून पडला आहे, त्या घरांचाही तो आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर अमृतसरमध्ये पाहावयास मिळते. सुवर्णमंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, जुन्या टाउन हॉलच्या इमारतीत, फाळणीचे संग्रहालय उभे आहे. स्वातंत्र्याला ७० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १७ ऑगस्ट २०१७ रोजी, ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. या तारखेलाही अर्थ आहे. १९४७ साली याच दिवशी रॅडक्लिफ यांनी आखलेली सीमारेषा जाहीर झाली होती.

हे संग्रहालय उभारणाऱ्या विश्वस्त संस्थेसमोर मोठी अडचण होती. नेसत्या वस्त्रानिशी निघालेल्या माणसांचे संग्रहालय भरावयाचे कशाने? त्यासाठी संस्थेने लोकांनाच आवाहन केले. घराघरांतून भांडी आली, पेट्या आल्या, कपडे, पत्रे आणि निर्वासितांची कागदपत्रे आली. ज्यांनी ते दिवस सोसले होते, त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिचित्रमुद्रित झाल्या.

तेथे फुलकारीचे भरतकाम असलेले एक जाकीट आणि चामड्याची एक बॅग आहे. दंगलींपूर्वी विवाह ठरलेल्या एका तरुण-तरुणीच्या या वस्तू. दोघे वेगवेगळ्या वाटांनी सीमा ओलांडून आले. तिने जाकीट सोबत घेतले होते, त्याने प्रमाणपत्रे आणि मालमत्तेचे कागद. अमृतसरच्या निर्वासित छावणीत अन्नासाठी लागलेल्या रांगेत त्यांची पुन्हा गाठ पडली आणि पुढे त्यांचा विवाह झाला. बाजारात या दोन वस्तूंना फारशी किंमत येणार नाही. परंतु त्यांच्यापुढे उभा राहिलेला माणूस क्षणभर स्वतःलाच विचारतो, ‘घर सोडून पळावे लागले असते तर काय उचलले असते?’

शेवटच्या दालनात एक वृक्ष आहे. पानाच्या आकाराच्या कागदावर आपले मनोगत लिहून प्रेक्षकाने ते त्या वृक्षाला लावावयाचे. अशा रीतीने बघावयास आलेला मनुष्य संग्रहालयाच्या कार्यात सहभागी होऊन बाहेर पडतो. रोषणाईने गर्दी जमविता येते, आपुलकी निर्माण करता येत नाही. ती निर्माण होते प्रेक्षकाकडे काही मागितल्याने.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, कुलुपे, स्वयंपाकघरातील भांडी अशा नित्याच्या वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि दिवंगत पुत्राच्या नावे उभारलेला हा संग्रह १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केला. तेथे आलेल्या आजीबाई नातवंडांना सहज सांगू लागतात, ‘असाच अडकित्ता आमच्याकडे होता.’ एका वस्तूने तीन पिढ्यांचे बोलणे सुरू होते.

व्यापारी घराण्यांकडे अशी कोणती वस्तू आहे? अर्थात हिशेबाची वही. १५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार होता. त्या दिवशी पेढी उघडी होती की बंद? पेढे वाटल्याचा खर्च कोणत्या खाती पडला? जानेवारी १९४६ मध्ये १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा गल्ल्यावर बसलेल्या मालकाने काय केले? १ एप्रिल १९५७ रोजी १६ आण्यांच्या रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि एक आणा सव्वासहा पैशांचा ठरला. तो पाव पैसा कोणी सोसला, दुकानदाराने की गिऱ्हाईकाने? ही उत्तरे पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. ती कीर्द-खतावणीत असतात. एखाद्या जिल्हा संग्रहालयाने वर्धापनदिनी गावातील दहा पेढ्यांच्या त्या दिवसाच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, तर अख्खी बाजारपेठ ते पाहावयास येईल.

परंतु या वह्या झपाट्याने नष्ट होत आहेत. जुने दुकान विकले जाते, वाडा पुनर्बांधणीस जातो, भाऊ विभक्त होतात आणि आजोबांनी दिवाळीला जिची कुंकू लावून पूजा केली, ती वही रद्दीच्या काट्यावर चढते. मोडी, गुजराती किंवा महाजनी अक्षर घरात कोणास वाचता येत नाही, म्हणून ती निरुपयोगी ठरते. १९४७ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा शताब्दीच्या वेळी ११० वर्षांचा होईल. तेव्हा विचारावयाचे कोणाला?

वही देण्यास कुटुंबे कचरतात, तेही समजण्यासारखे आहे. तीत दुसऱ्यांची कर्जे, गहाण दागिने, अडचणीच्या काळातील उसनवारी लिहिलेली असते. पेढीवर ठेवलेला विश्वास पिढी बदलली म्हणून संपत नाही. म्हणून संग्रहालयाने वही घेताना लेखी करार करावा. वस्तू दान आहे की ठरावीक मुदतीसाठी उसनी, हे त्यात स्पष्ट असावे. प्रदर्शनात ऋणकोंची नावे झाकावीत. पानांच्या प्रती काढून एक संच कुटुंबास परत द्यावा. व्यवहार चोख असला की व्यापारी हात आखडता घेत नाही.

घरानेही आपली बाजू सांभाळावी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. वही सुती कापडात, कोरड्या जागी ठेवावी. ती कोणाची, कोणत्या गावच्या दुकानाची, कोणी लिहिली, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवावे. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला शेजारी बसवून, पान उलटत, त्यांचे बोलणे मोबाईलवर मुद्रित करावे. एवढ्याला एक रविवार पुरेसा आहे.

शताब्दीच्या वर्षी एखादा पणतू संग्रहालयाच्या दालनात उभा राहील. काचेआड आपल्या पेढीचे नाव दिसले, तर इतिहास त्याला परका वाटणार नाही. त्यासाठी माळ्यावरचे गाठोडे रद्दीवाल्याच्या आधी घरातल्या माणसांनी उघडले पाहिजे.