छंदातून ज्ञान : जुन्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल

इ. स. १०८६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने आपल्या राज्यातील जमीनजुमल्याची पाहणी करविली. ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध असलेला तो हस्तलिखित ग्रंथ आजही वाचता येतो. या घटनेला नऊशे वर्षे झाली तेव्हा, १९८६ मध्ये, बीबीसीने शाळाशाळांतून माहिती व छायाचित्रे गोळा करून तसाच नवा संग्रह लेझर तबकड्यांवर सिद्ध केला. परंतु वीस वर्षे लोटण्यापूर्वीच तो वाचणारी यंत्रे दुर्मिळ होऊन बसली! अखेर लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी २००२ मध्ये नव्या संगणकाला जुन्या यंत्राप्रमाणे वागावयास लावून तो संग्रह पुन्हा उघडून दाखविला. अशी नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘इम्युलेटर’ म्हणतात.

वाचकहो, इम्युलेटर लिहिणे हे केवळ विद्यापीठांचेच काम आहे असे मात्र नाही. ज्याला प्रोग्रॅम लिहिण्याची थोडीफार सवय आहे, अशा कोणालाही फावल्या वेळात हा छंद जोपासता येईल. आरंभासाठी ‘६५०२’ हा प्रोसेसर उत्तम. १९७५ मध्ये अमेरिकेतील मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने तो अवघ्या २५ डॉलरांस विक्रीस काढला. १९७७ चा ॲपल-२ आणि १९८१ चा बीबीसी मायक्रो हे संगणक त्याच्यावरच चालत. आपल्या देशात १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ योजनेखाली शाळांत आलेले संगणकही बीबीसी मायक्रोच होते; तेव्हाच्या विद्यार्थ्यांना त्यांची आठवण असेल.

या प्रोसेसरचा संसार आटोपशीर आहे. स्मृतीची घरे ६५,५३६. प्रत्येक घरात ० ते २५५ यांपैकी एक संख्या. त्याच्या स्वतःजवळ सहा रजिस्टरे आणि ५६ प्रकारच्या आज्ञा. घरातील संख्या उचलावी, तिचा अर्थ लावावा, सांगितलेले काम करावे आणि पुढील आज्ञेकडे वळावे, एवढाच त्याचा नित्यक्रम. उदाहरणार्थ, आज्ञा म्हणून १६९ ही संख्या आली की, ‘पुढील घरातील संख्या ए-रजिस्टरात ठेव’ असा तिचा अर्थ. एकेक आज्ञा लिहावी, ती लगेच तपासावी आणि मगच दुसरीस हात घालावा.

येथे एका गोष्टीचे अवधान हवे. मूळ ६५०२ मध्ये एक प्रसिद्ध दोष आहे. स्मृतीची घरे २५६-२५६ च्या पानांत विभागलेली असतात. एका विशिष्ट उडीच्या आज्ञेत मुक्कामाचा पत्ता दोन लागोपाठच्या घरांतून वाचावयाचा असतो. त्यांतील पहिले घर पानाच्या अगदी शेवटी असले, तर दुसरा भाग पुढच्या पानावरून घ्यावयास हवा. पण हा प्रोसेसर त्याच पानाच्या पहिल्या घराकडे परततो! पुढील सुधारित आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. तथापि मूळ प्रोसेसरची नक्कल करणाऱ्याने ती जशीच्या तशी उतरविली पाहिजे. जुने प्रोग्रॅम त्या यंत्रासाठी, त्याच्या गुणदोषांसह लिहिलेले असतात. नक्कल ‘शहाणी’ झाली, तर एखादा प्रोग्रॅम वेगळ्याच वाटेने जाईल आणि जे जतन करावयाचे तेच बदलून जाईल.

जुनी पोथी उतरवून घेणारा जाणता लेखनिक मूळ पाठात स्वतःची भर घालीत नाही. तीच शिस्त येथेही लागते. शिवाय, प्रत्येक आज्ञा आपल्या हातांनी घडविली म्हणजे संगणक ही जादूची पेटी राहत नाही. तो साध्या, समजण्याजोग्या पायऱ्यांचा जिना आहे हे उमगते. घरातील तरुण मुलामुलींना सुट्टीत हा उद्योग अवश्य सुचवावा. तबकडी जपणे हे अर्धेच काम. ती वाचू शकणारे यंत्र जपले, तरच तिच्यातील अक्षरे पुढच्या पिढीच्या हाती पोहोचतील.