घरच्या ऑफिसचा लॅपटॉप कोणाच्या खिशातून?

कलकत्त्याच्या उत्तर भागात, हुगळीच्या काठाने जाणाऱ्या चक्ररेलवर बागबाजार हे लहानसे स्टेशन आहे. ही चक्ररेल १९८४ साली सुरू झाली. जवळच चितपूरचे यार्ड. आमची निम्मी नोकरी याच टापूत गेली. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने कलकत्त्याच्या लोकांनी जो खंदक खणला, त्याच्या नावाची 'मराठा डिच लेन' बागबाजारात अजून आहे. त्यामुळे आम्ही दिसलो की येथले सहकारी थट्टेने 'बर्गी आले' म्हणतात आणि चहाचे भांडे पुढे करतात. याच चहाच्या बाकावर गेल्या हिवाळ्यात एक प्रश्न आमच्यापुढे आला. तो एका घरापुरता नाही, म्हणून येथे मांडत आहोत.

आमच्या एका पॉइंट्समन भावाची मुलगी बी. ए. झाली. आम्हाला ती 'जेठू' म्हणते, म्हणजे मोठे काका. तिला एका खाजगी कंपनीत घरून काम करण्याची नोकरी मिळाली. पगार महिना १४ हजार. नेमणुकीच्या कागदात अट होती की लॅपटॉप, इंटरनेट, हेडफोन आणि वीज गेली तर सोय, हे सर्व उमेदवाराने स्वतः करावे. बापाने कोणाला न विचारता चांदनी चौकात जाऊन १७ हजार ५०० रुपयांना जुना लॅपटॉप आणला. दुसऱ्या महिन्यात कंपनीच्या सिस्टीमने ते मशीन नाकारले. कारण काय, तर त्यातली विंडोज जुनी, आणि मशीन नवी विंडोज घेऊ शकत नाही. कंपनीने कळवले की मशीन बदला, तोपर्यंत बिनपगारी. दुकानदाराची गॅरंटी तोंडी होती, आणि तीही एक महिन्याची. मुलीचे नऊ दिवस बुडाले, म्हणजे ४ हजार २०० रुपये गेले. मग बाप आमच्याकडे आला. आम्ही दोघे-तिघे दुकानात गेलो, तेव्हा जुना परत घेऊन वर १२ हजार मोजल्यावर चालणारे मशीन मिळाले.

आता हिशेब करा. १७ हजार ५०० अधिक १२ हजार, म्हणजे २९ हजार ५००. त्यात बुडालेले ४ हजार २०० धरा. एकूण ३३ हजार ७००. म्हणजे या मुलीने जवळपास अडीच महिने काम केले ते फक्त कामाचे हत्यार विकत घेण्यासाठी. इंटरनेट आणि विजेचे बिल वेगळेच.

आमचा प्रश्न साधा आहे. हत्यार कोणी द्यायचे? रेल्वेत कीमनचा हातोडा व पाना रेल्वेचा. गार्डचे झेंडे रेल्वेचे, पॉइंट्समनचा हातदिवाही रेल्वेचाच. उद्या कोणी म्हणाले की हातोडा घरून आणा, तर एक गँग कामावर जाणार नाही. मग टेबलावर बसून काम करणाऱ्या पोरीने आपले हत्यार आपण का आणावे?

काळाचा खेळ पाहा. १९६० च्या दशकात याच कलकत्त्यात इलाको हाउसमध्ये आयुर्विमा महामंडळाचा संगणक येऊ नये, म्हणून विमा कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा दिला होता. नोकऱ्या जातील ही त्यांची भीती होती. पुढे संगणक आला तो आलाच. रेल्वेचे आरक्षणही १९८० च्या दशकात त्यावर गेले. आज तोच संगणक कामगार स्वतः कर्ज काढून घरात आणतो आहे. संगणकाला आमचा विरोध नाही. त्याचे बिल कामगाराच्या नावावर फाडण्याला आमचा विरोध आहे.

आणि ही पद्धत नवी नाही. सोलापूरच्या विडी कामगार भगिनींना विचारा. कारखानदार पान आणि तंबाखू देतो. कात्री बाईची, सूप बाईचे, बसायची जागा आणि दिवाही तिचाच. वर छाट निघाली की तिचेच नुकसान. येथे बंगालात मुर्शिदाबाद जिल्ह्यात हेच चालते. लॅपटॉपवर घरून काम करणाऱ्या सुशिक्षित मुला-मुलींना वाटते की आपण बाबू झालो. वास्तविक पाहता कामाची जात तीच आहे. फरक इतकाच की विडी कामगारांनी लढून १९६६ चा कायदा मिळवला व त्यात घरी काम करणाऱ्या बाईलाही कामगार म्हणवून घेतले. लॅपटॉपवाल्यांनी अजून तेवढेही मिळवलेले नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरकामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. सोबतच्या शिफारशीत स्वच्छ म्हटले आहे की वीज, दळणवळण आणि यंत्राच्या देखभालीचा खर्च कामगाराला भरून मिळाला पाहिजे. भारताने या करारावर मान्यतेची मोहर उठवलेली नाही. स्पेनने २०२० साली कायदाच केला की घरून काम करणाऱ्याला साधने मालकाने द्यावीत व खर्चही सोसावा. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२० च्या अखेरीस सेवा क्षेत्राच्या आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा काढला. त्यात घरून काम हा शब्द आला, पण साधनांचा खर्च कोणाचा, याचा निकाल लागला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. स्थायी आदेशांचे कलम त्यात ३०० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरते आहे. लहान कंपनीतल्या मुलीला त्याचा उपयोग काय?

तेव्हा लढाई लांबची आहे. पण नोकरी उद्याची असते आणि मशीन आज लागते. म्हणून लढाई चालू ठेवून खरेदी शहाणपणाने कशी करावी, हेही सांगणे संघटनेचे काम आहे. त्या दिवशी चांदनीत फिरून आणि जाणकारांना विचारून आम्ही जे शिकलो, ते लिहितो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. आम्हाला समजले, तर कोणालाही समजेल.

पहिली गोष्ट पैशाची. दुकानात 'बिनव्याजी हप्ता' अशी पाटी असते. तिच्यावर जाऊ नका. हप्ता गुणिले महिने, अधिक फी, असा गुणाकार कागदावर करा. ३६ हजारांचे मशीन १,९८० रुपयांच्या २४ हप्त्यांत घेतले, तर ४७ हजार ५२० होतात. साडेअकरा हजार रुपये गेले कुठे, हे विचारा. रेल्वे व केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगानंतरही संगणकाची उचल शिल्लक आहे. ५० हजार रुपये किंवा प्रत्यक्ष किंमत, यांपैकी कमी असेल ती रक्कम. संपूर्ण नोकरीत जास्तीत जास्त पाच वेळा. व्याज लागते, पण त्याचा दर सरकारी असतो, दुकानाचा नसतो. आमच्या पॉइंट्समन भावाला हे कोणी सांगितलेच नव्हते. ही चूक त्याची नाही, ही आमची, शाखेची चूक आहे. ठेकेदाराकडच्या सफाई कामगाराला तर ही उचलही नाही. त्याला पतसंस्थेचाच आधार.

दुसरी गोष्ट मशीनची. जुने मशीन घेणे वाईट नाही. हलके-फुलके टायपिंग, पत्रव्यवहार, व्हिडिओवरची मीटिंग, एवढ्याला ते पुरते. पण विंडोज १० चा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला. घरगुती ग्राहकाला नोंदणी करून मिळणारी मुदतवाढही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. पिढी ओळखणे सोपे आहे. आय-५ नंतर चार आकडी नंबर असेल आणि तो १ ने सुरू होत नसेल, तर पहिला आकडा पिढीचा. ८२५० म्हणजे आठवी, ६२०० म्हणजे सहावी. सहावी-सातवी पिढी स्वस्तात पुढे केली जाते ती याच कारणाने. मेमरी ८ जीबी असावी आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क नको, एसएसडी असावी. २०२५ च्या अखेरीपासून जगभर मेमरीच्या चिपा महागल्या आहेत, तेव्हा 'मेमरी नंतर वाढवू' या भरवशावर राहू नका.

मुलाला विंडोजची सक्ती नसेल, तर लिनक्स फुकट मिळते आणि जुन्या मशीनवर चांगली चालते. पत्रे लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस फुकट आहे, त्यात मराठीही चालते. दुकानदार चोरीची विंडोज 'फुकट' टाकून देतो, ती घेऊ नका.

तिसरी गोष्ट तपासणीची. मशीन दुकानातच अर्धा तास चालवून पाहा. बॅटरीची मूळ क्षमता व आजची क्षमता मशीन स्वतःच अहवालात दाखवते, तो अहवाल काढून मागा. कॅमेरा, माइक, सर्व कळा, चार्जिंगची पिन पाहा. तळाशी छापलेला सीरियल नंबर आणि मशीनच्या आत दिसणारा नंबर एकच असला पाहिजे. तोच नंबर बिलावर लिहून घ्या. नंबर जुळत नसेल, तर माल चोरीचा असू शकतो आणि पोलीस तुमच्या दारात येतील. गॅरंटी किती महिन्यांची आणि कशाची, हे बिलावरच लिहून घ्या. चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. बागबाजारसारख्या जुन्या वस्तीतल्या वाड्यांत अर्थिंगचा पत्ता नसतो. तेथे तीन पिनांचा प्लग दोन पिनांत घुसवू नका. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग मशीन लावा.

चौथी गोष्ट टेबल-खुर्चीची. एका खोलीच्या घरात पोरे पलंगावर मांडीवर मशीन घेऊन आठ-आठ तास बसतात. मान आणि कंबर जाते. महागडे टेबल नको. चार जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीला आणा, कीबोर्ड व माउस वेगळा घ्या. खुर्ची जुन्या फर्निचरच्या दुकानातून घ्या, पण पाठीला टेकू देणारी घ्या. प्रिंटर घाईने घेऊ नका. स्वस्त प्रिंटरची शाई महाग असते. महिन्याला दहा-वीस पाने असतील, तर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला बरा.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकटे जाऊ नका. एकटा बाप गेला तेव्हा त्याच्या हाती तोंडी गॅरंटी पडली. आम्ही तिघे गेलो तेव्हा दुकानदार बोलायला बसला. शाखेतले दहा जण एकत्र गेले, तर भावही पडेल आणि सहा महिन्यांची गॅरंटी लेखी मिळेल. शाखा कार्यालयात वही ठेवा. कोणाला मशीन हवे, किती पैशांत, कशासाठी, हे लिहून घ्या. ज्या तरुण सभासदाला यातले कळते, त्याला सोबत पाठवा. आमच्या शाखेने हे सुरू केले आहे. तुम्हीही करा. पुढाऱ्यांनी भाषणे कमी करून महिन्यातून एक रविवार यासाठी द्यावा.

खरेदी संपली म्हणून मागणी संपत नाही. आमच्या मते संघटनेने तीन मागण्या लावून धराव्यात. घरून काम करून घेणाऱ्या मालकाने मशीन द्यावे, नाहीतर कामगाराच्या मशीनचे भाडे पगारासोबत द्यावे. इंटरनेट व विजेचा ठरावीक भत्ता द्यावा. आणि मशीन बिघडले म्हणून पगार कापू नये. गाडीचे इंजिन फेल झाले तर ड्रायव्हरचा पगार कापतात काय?

ती मुलगी आता कामाला लागली आहे. परवा बाकावर भेटली तेव्हा म्हणाली, "जेठू, आमच्या कंपनीत घरून काम करणारे आणखी चौघे या भागात आहेत." आम्ही तिला म्हणालो, त्या चौघांना रविवारी चहाला घेऊन ये. बंधू-भगिनींनो, तुमच्याही आळीत असे चार असतील. त्यांना शोधा. घरात एकटा बसलेला कामगारही कामगारच आहे, आणि त्याला संघटनेची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे.