शेतांची नावे

‘क्लिमा’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ कोशात पाहावा तर हवामान. पण फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात क्लिमा म्हणजे द्राक्षमळ्याचा तुकडा. त्याला स्वतःचे नाव असते, बांध असतो आणि चांगले खानदानही असते!

व्होन-रोमाने या गावी दोन दिवस राहिलो, तेव्हा हा अर्थ मला खरा उमगला. दिजाँ शहराच्या दक्षिणेस टेकडीच्या पायथ्याशी वसलेले हे खेडे. वस्ती पाचशेंच्या आत. मूळ नाव नुसते व्होन. १८६६ मध्ये गावाने आपल्या नामांकित मळ्याचे नाव स्वतःपुढे जोडून घेतले. मुलाने बापाचे नाव लावावे ही जगाची रीत. इथे बापानेच मुलाचे लावले!

सगळीकडे द्राक्ष एकच, काळे ‘पिनो नुआर’. पण सपाटीवरचे मद्य गावाच्या नावाने विकले जाते, आणि चढाच्या मध्यावरचे स्वतःच्या. चुनखडीची चिकणमाती, पूर्वेकडचा उतार, सकाळचे ऊन आणि पाण्याचा निचरा ही त्याची कारणे. ‘ग्रां क्रू’ या सर्वोच्च श्रेणीचे सहा मळे या एका गावात आहेत. मधे बैलगाडीपुरती वाट; पण अलीकडचे नाव निराळे, पलीकडचे निराळे, आणि भावही निराळा.

यांतला मुकुटमणी रोमाने-कोंती. क्षेत्र अवघे साडेचार एकर. बुटकी भिंत, दगडी क्रूस, आणि ‘रस्त्यावरूनच पाहा, आत पाऊल टाकू नका’ अशी विनंतीची पाटी. बाटलीची किंमत लाखो रुपयांत, त्यामुळे चवीबद्दल प्राध्यापकाला विचारू नये!

१७६० मध्ये कोंतीच्या राजपुत्राने हा मळा विकत घेतला आणि मद्य आपल्याच पंक्तीसाठी राखून ठेवले. पुढे राज्यक्रांतीत मळा जप्त होऊन विकला गेला. राजपुत्राची सत्ता गेली, नाव तेवढे वेलींना चिकटून राहिले.

पण वेली तरी कुठे राहिल्या? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधील द्राक्षांची मुळे पोखरली. इतरांनी अमेरिकन खुंटावर कलमे बांधली. रोमाने-कोंतीने मात्र जमिनीत औषध टोचून जुन्या वेली कशाबशा जगवल्या. दुसऱ्या महायुद्धात औषध मिळेना, माणसे मिळेनात. १९४५ च्या हंगामात जेमतेम सहाशे बाटल्या निघाल्या, आणि वेली उपटल्या गेल्या. १९४७ मध्ये कलमी वेली लावल्या. १९४६ ते १९५१ या सहा वर्षांत त्या नावाची एकही बाटली निघाली नाही. कोवळ्या वेलींचे मद्य त्या नावाने विकून पैसा करता आला असता. मालकांनी नावासाठी तोटा सोसला.

राजपुत्र गेला, वेलीही गेल्या. उरली माती, बांध आणि नाव. बर्गंडीच्या या क्लिमांना युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक वारशात स्थान दिले.

वाचकहो, आपल्या खेड्यांतही शेतांना नावे असतात: आंबराई, पाणथळ, देवाचा मळा. सातबाऱ्यावर पुष्कळदा त्यांचा फक्त गट क्रमांक उरतो आणि नाव आजोबांबरोबर जाते. या दिवाळीत गावी गेलात, तर थोरांना शेतांची नावे विचारून वहीत उतरवून घ्या. त्याला काही लाखो रुपये पडत नाहीत.