'सौजन्य : इंटरनेट' म्हणजे परवानगी नव्हे

आपल्या संस्थांच्या वेबसाइटच्या तळाशी बहुधा एक ओळ असते : 'सर्व हक्क राखीव'. त्या ओळीच्या वर मात्र बरेचसे दुसऱ्याचे असते. वर्तमानपत्रातून उचललेला फोटो, कुणाच्या पुस्तकातले अख्खे प्रकरण, व्हॉट्सअॅपवर फिरत आलेला लेख, मुशायऱ्याचा व्हिडिओ. खाली बारीक अक्षरात 'सौजन्य : इंटरनेट' किंवा 'साभार : गुगल'. गुगल फोटो काढायला कॅमेरा घेऊन फिरत नाही. आभार मानले की परवानगी मिळाली, हा समज आपल्यात इतका मुरला आहे की त्यावर बोलणाराच आडमुठा ठरतो.

मी नोकरी सांभाळून काही लहान संस्थांच्या वेबसाइट बघतो. हा विषय काढला की उत्तर ठरलेले असते : 'इंजिनिअरभाई, हे समाजाचे काम आहे. आपण कुठे पैसे कमावतोय? आणि इल्म तर सगळ्यांचे असते.'

इल्म सगळ्यांचे असते, हे मलाही मान्य आहे. कायद्यालाही मान्य आहे. कॉपीराइट माहितीवर किंवा कल्पनेवर नसतो, ती ज्या शब्दांत मांडली त्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केले आहे. वक्फ कायद्यावर कुणी चांगला लेख लिहिला असेल तर तो वाचा, त्यातले मुद्दे समजून घ्या आणि आपल्या भाषेत लिहा. कुणी अडवणार नाही. पण तेवढे कष्ट नको असतात, म्हणून लेख तसाच्या तसा चिकटवायचा आणि नाव इल्मचे पुढे करायचे. हा आळस आहे, त्याला सेवा म्हणू नका.

आता पैशांचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून हक्क मोडणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी फायद्यासाठी केले नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकते. म्हणजे 'आम्ही कमावत नाही' हे सांगून फार तर शिक्षा हलकी होईल, गुन्हा पुसला जाणार नाही. कलम ५२ मध्ये सवलती आहेत : स्वतःचा अभ्यास, समीक्षा किंवा टीका, चालू घडामोडींचे वार्तांकन. पुस्तकावर लिहिताना त्यातला उतारा द्या, खुशाल द्या. पण 'दहा टक्क्यांपर्यंत चालते' किंवा 'तीस सेकंदांची क्लिप चालते' असले आकडे जे कार्यकर्ते छातीठोकपणे सांगतात, ते या कलमात कुठेही नाहीत. लेखकाने नोंदणी केली नव्हती, ही सबबही चालत नाही. लिहिल्या क्षणी हक्क जन्मतो, नोंदणी ऐच्छिक आहे.

'नोटीस आली की काढून टाकू' हे आणखी एक. तक्रार आल्यावर काढले की सुटका, ही ढाल मुख्यतः दुसरे लोक जिथे मजकूर चढवतात त्या मंचांसाठी आहे. तुम्ही स्वतः निवडून, शीर्षक देऊन चढवलेल्या लेखाला ती कशी मिळेल?

खरे तर मला तुरुंगाची भीती घालायची नाही. लहान संस्थेवर खटला भरायला सहसा कुणी येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि म्हणूनच हे चालते. माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त सर आहेत, उर्दू शाळेत आयुष्य गेले. त्यांनी उर्दूतल्या काही निबंधांचा मराठी अनुवाद केला, मूळ लेखकाच्या वारसांना पत्र पाठवून रीतसर परवानगी घेतली. तो अनुवाद एका संस्थेने आपल्या वेबसाइटवर टाकला, सरांचे नाव काढून. विचारले तर उत्तर मिळाले, 'सर, तुम्हाला सवाब मिळेल.' सरांनी पुढचा अनुवाद अर्ध्यात ठेवला आहे. उर्दूतून मराठीत नीट आणणारी माणसे आपल्याकडे आहेत तरी किती? मोठ्या माध्यमांत आपला आवाज नाही म्हणून आपण ओरडतो, आणि ज्यांच्याकडे तो आवाज आहे त्यांची नावे आपणच खोडतो. हुकूकुल इबादवर आपल्याच वेबसाइटवर लेख असतात. तेही बहुधा उचललेलेच.

नाव हा उपकार नव्हे. कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही 'हे माझे आहे' असे सांगण्याचा आणि त्याची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकले होते. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पैसे मोजून करून घेणाऱ्या सरकारची ही गत, तर फुकट उचलणाऱ्याची काय असावी?

ज्यांना फुकटच हवे, त्यांच्यासाठीही भरपूर आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्य मुक्त होते. इक्बाल १९३८ मध्ये गेले, केव्हाच मुक्त. कुरआनचा मूळ पाठ सर्वांचा, पण भाषांतर भाषांतरकाराचे : पिकथॉल (निधन १९३६) आणि अब्दुल्ला यूसुफ अली (निधन १९५३) यांची इंग्रजी भाषांतरे आता खुली आहेत, पण पुढे दुसऱ्या कुणी सुधारलेल्या आवृत्तीचे गणित वेगळे. हयात अनुवादकाचे काम विचारल्याशिवाय नाही. शाहीर अमर शेख १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या काव्यासाठी २०२९ संपेपर्यंत थांबा किंवा परवानगी मागा. विकिमीडिया कॉमन्सवरचे बहुतेक फोटो छायाचित्रकाराचे नाव आणि परवाना लिहून वापरता येतात. उर्दू पानासाठी चोरीचे सॉफ्टवेअर कशाला, नोटो नस्तालिक मोफत आहे. मराठीसाठी मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आहे.

शेवटी आमच्या धंद्यातले. ज्या संस्था दुसऱ्याचे बिनधास्त घेतात, त्यांना स्वतःचे काय आहे हेही माहीत नसते. वेबसाइट बनवणाऱ्याला पैसे दिले म्हणजे ती आपली झाली, असे अध्यक्षांना वाटते. तसे नाही. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे असते. पण बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिलेला कोड लेखी हस्तांतर होईपर्यंत त्याचाच. (पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंना यात अपवाद आहे.) फुकट मदत करणाऱ्या पोराचा कोडही त्याचाच. उद्या तो रागावून गेला तर काय दाखवणार?

तेव्हा एक कागद करा, मराठीत केलात तरी चालेल. कोणते काम, कोणते हक्क, किती मोबदला, किती मुदत, कुठल्या प्रदेशासाठी, आणि खाली त्याची सही. मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमची वेबसाइट सौदीत नोकरी करणारे मुलगेही उघडतात, म्हणून 'संपूर्ण जग' असे लिहा.